विमलच्या हातचे ठिपके

"सर, सगळं पक्कं करून ठेवलंय. आता पाणी लागू द्या न्हाईतर वाळवी," असं म्हणत ग्रंथपाल मॅडमनी पहिली फाइल माझ्यापुढे सरकवली. मी कागदावरून बोट फिरवलं, तर गुळगुळीत प्लास्टिक लागलं.

जुने कागद टिकवणं हा माझा धंदा. हिंगोली जिल्ह्यातल्या एका महिला कॉलेजनं मला कांताबाईंच्या कागदांसाठी बोलावलं होतं. कुरुंद्याच्या कांताबाईंना शाळेत असतानाच तापानं आंधळं-बहिरं केलं. तरी त्या याच कॉलेजात शिकल्या आणि पुढं जन्मभर आपल्यासारख्यांच्या हक्कांसाठी सरकारी ऑफिसांशी भांडल्या. वर्गात शेजारी बसणारी विमल सरांचं बोलणं त्यांच्या तळहातावर बोटानं लिहायची. लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेल्यावर विमल खास ब्रेल शिकली आणि मरेपर्यंत पत्रं पाठवत राहिली. तीच पत्रं कांताबाईंनी कॉलेजला जपायला दिली होती. ब्रेल म्हणजे जाड कागदावर टोच्यानं उठवलेले ठिपके. ते बोटानं वाचायचे असतात.

आपल्याकडे काही जपायचं म्हटलं की आधी लॅमिनेशन. दहावीच्या मार्कांचा मेमो असो की जातीचा दाखला. मॅडमनी भक्तिभावानं तेच केलं होतं. मशीनच्या गरम रोलरखाली सगळे ठिपके सपाट झाले होते.

"प्लास्टिक काढता येईल ना?"

"कागदही सोबत निघेल, मॅडम."

त्यांनी फाइल मिटून स्वतःकडे ओढली. मला चिडायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून तेही जमेना.

तिरका उजेड टाकला की ठिपक्यांच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. त्यावरून अंधशाळेतल्या एका बाईंनी सगळी पत्रं नव्या कागदावर उठवून दिली. मला वाटलं, निभावलं.

कांताबाई भाचीला घेऊन आल्या. त्यांनी एक पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"मजकूर बराबर हाय. पण हे कोणाच्या हातचं हाय?"

भाचीनं तळहातावर लिहून सगळं सांगितलं. मग मी मूळ पत्र त्यांच्या हातात दिलं. त्या प्लास्टिकवर बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या.

"विमल लई जोरानं टोचायची. कागदाला भोकं पडायची. आमी तिला हसायचो," त्या म्हणाल्या. "ते भोकं बी बुजले."

त्या दिवसाची हळहळ अजून जात नाही. आता कुठंही गेलो की कागद किती जुना ते नंतर बघतो. तो वाचणार कोण, हे आधी विचारतो. आणि लॅमिनेशनच्या मशीनचा प्लग काढून ठेवतो.