मामांचा नारळ आणि यारीचं कडं

मी मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. वडवणीजवळ माझ्या चुलत भावाच्या शेतात समुद्र नाही. पण मी सुट्टीवर आलो तेव्हा तिथं विहीर खोदणं चालू होतं आणि काठावर यारी होती, म्हणजे दगडमाती वर काढणारी विजेची क्रेन. मला राहवलं नाही.

जहाजावरच्या क्रेनला कप्पीखाली, स्विचला बांधलेलं एक जड कडं लोंबतं. दोर त्यातून जातो. हुकानं वर येऊन कडं उचललं की मोटार आपोआप बंद. नाहीतर हुक कप्पीत घुसतो, दोर तुटतो आणि जे लटकलेलं असेल ते तळाला जातं. यारीवाले मामा रोज हुकाला लटकवलेल्या बकेटमध्ये उभे राहून विहिरीतून वर यायचे.

“जहाजाचं जहाजाला,” मामा म्हणाले. “माझी यारी लई शहाणी हाय.”

तरी मी कडं बसवलंच. मामांनी आठ दिवसांची मुदत दिली. एकदा जरी कामात आडवं आलं, तर कडं भंगारात.

आठव्या दिवशी पाणी लागलं. भावानं लाल फडक्यात नारळ बांधून खाली सोडला. मामांनी तो मानानं हुकाच्या वर, दोरालाच बांधला. वहिनी आरतीचं ताट घेऊन काठावर उभ्या. बटण मामांच्या जावयाच्या हातात. मामा बकेटमधून थाटात वर निघाले आणि काठाशी येऊन थांबले. जमिनीच्या वर फक्त फेटा आणि मिशा.

“का थांबली रं?”

“नारळ लागला मामा कड्याला,” मी म्हणालो. “सोडा तो.”

“पाण्याचा नारळ ओवाळल्याबिगर सोडत न्हाईत. तुझं कडं काढ!”

मी जागचा हललो नाही. वहिनी शांतपणे खाली बसल्या आणि त्यांनी जमिनीलगतच्या मिशांना ओवाळलं. मामांनी नारळ सोडून काखेत घेतला.

जावयानं बटण दाबलं. मामा भुईच्या वर आले. तेवढ्यात भाऊ मोबाइल रोखून ओरडला, “जावईबापू, फोटो!” जावई वळून हसला. अंगठा बटणावर तसाच. हुक चढत गेला, कड्याला लागला. टक. मामा हवेत थांबले. फोटोत जावई हसतोय, मागे मामा हसत नाहीत.

काठावर उतरल्यावर मामांनी नारळ फोडला. मी हात पुढं केला. पहिला तुकडा त्यांनी कड्याकडं बघत यारीच्या पायाशी ठेवला. दुसरा मला.

“आठ दिवस भरले मामा. कडं काढू?” मी विचारलं.

“गप खा,” मामा म्हणाले.