हातब्रेकचा दांडा

रविवारी सकाळी सात वाजता देऊळघाटचे उकंडराव जीपखाली पाठीवर पडून हातब्रेकची तार ओढत होते. लष्कराच्या लिलावातली ही जुनी जीप ते दर रविवारी खोलायचे, जोडायचे आणि दुपारी डोंगरवाटेने चढवायचे. हातब्रेकचा दांडा गुडघ्याला लागतो म्हणून त्यांनीच तो काढून टाकला होता. "बैलगाडीले कुठं हातब्रेक राह्यते? चाकाखाली गोटा लावला का झालं," असं ते हसून सांगत.

गेल्या रविवारी चढावर इंजिन बंद पडलं. गोटा लावायला त्यांची बायको अन्नपूर्णाबाई उतरली. तिचा हात निघण्याआधीच उकंडरावांनी पायब्रेक सोडला आणि तिची दोन बोटं चिरडली. गावात मात्र त्यांनी सांगितलं, "तिनंच हात उशिरा काढला."

आता ती पट्टीचा हात पदरात घेऊन ओट्यावर बसली होती.

"मंग ब्रेक काऊन बसवून राह्यले? उशीर तं माया हाताचा होता न?"

उकंडरावांनी जीपखालून तार आणखी घट्ट ओढली.

"उद्या दूध न्यायले सोजराबाई येईन. तिले खरं सांगजा, म्हंजे गावभर होईन."

"हाव," उकंडराव म्हणाले.

सोजराबाई उद्या पहाटे साडेपाचला येणार होती, आणि अन्नपूर्णाबाईचा हात बरा होईपर्यंत म्हशीची धार उकंडरावच काढणार होते, म्हणजे तिच्याशी गाठ त्यांचीच पडणार होती.