अंगणातली निळी पूड

ती मोटार, ते अंगण आणि त्या बाईचं मिटलेलं तोंड माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. मी तेव्हा रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होतो. ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी आखातातून रजेवर आलेला एक जण पोट दाबत ठाण्यात शिरला.

"साहेब, माझ्या बायकोने अम्मीला विष घातलंय. मला पण."

म्हातारी सिव्हिलमध्ये होती. पोटात कळा, उलट्या, आणि सकाळपासून झटके. डॉक्टर म्हणाले, विषबाधा दिसतेय, पण कसली ते कळत नाही. घरात माणसं तीनच. दोघं आजारी, तिसरी ठणठणीत, आणि रांधणारी तीच! शुद्धीवर असताना सासूने जबाब दिला, "सुकट भाजताना ओढणी नाकाला लावते. आम्हाला वाढते, आपण तोंडात घालत नाय."

म्हातारी गेली असती तर खुनाचं कलम लागलं असतं. मी दर तासाला सिव्हिलला फोन करत होतो.

घराचा पंचनामा केला. आगोटीची बेगमी चालली होती. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून आधीच मासळी वाळवून ठेवतात. अंगणभर चटयांवर सुकट पसरलेली. शेजारीच नवऱ्याच्या वडिलांच्या वेळची जुनी मोटार, निम्मा निळा रंग खरवडलेली. नवरा रजेत ती नव्यासारखी करणार होता. आम्ही डबे सील केले, मुद्देमाल घेतला आणि परतलो. मोटारीकडे दुसऱ्यांदा कुणी बघितलं नाही.

बाईची चौकशी सुरू झाली. "तू का खाल्लं नाहीस?" मी तेच तेच विचारलं, दरडावलं. ती जमिनीकडे बघत एकच बोलायची, "मी नाय कायएक घातलं." अशी गप्प बसणारी माणसं बहुधा काहीतरी लपवत असतात, हा माझा अनुभव. तीही लपवत होतीच.

शेवटी आमच्या हवालदारबाई तिच्याशेजारी बसल्या. "बाय, तुला काय होतंय?"

एवढ्यावर ती हुंदके देऊन रडायला लागली. तिला दिवस गेले होते. आधी दोनदा पोट पडलेलं, म्हणून या खेपेला तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. सुकटीच्या वासाने तिला मळमळायचं.

"मग बाकीचं खातेस का?" मी विचारलं.

"सगलं खाते. भात, आमटी, भाकरी. फक्त सुकट नाय."

म्हणजे जे काही होतं ते सुकटीत होतं. मी तडक त्या घरी गेलो. चटईच्या कडेवरून बोट फिरवलं, निळं झालं. मोटारीच्या दारावर फिरवलं, तेच. नवरा रोज कोरड्या पॉलिशपेपरने रंग घासायचा आणि समुद्राचा वारा ती पूड मासळीवर नेऊन टाकायचा. डॉक्टरांना पूड दाखवली, तसे ते खुर्चीतून उठलेच. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणाले. रक्ताच्या अहवालात तेच निघालं. त्याप्रमाणे उपचार झाले आणि म्हातारी वाचली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

नवऱ्याला ठाण्यात बोलावून सगळं सांगितलं. तो आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "साहेब, मी हिच्यासमोर आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

ती समोरच बाकावर बसली होती. घरातल्या दोघांनी मिळून तिला विष घालणारी ठरवलं होतं. तिने डोळे पुसले, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "तोंडाचं मागनं बघू. आधी अंगण धुवा. माझं पोर त्यातच रांगणार हाय."

तक्रार निकाली काढली. पुढे निवृत्त होईपर्यंत कितीतरी संशयित माझ्यासमोर असे मान खाली घालून बसले. "का केलंस?" हे विचारण्याआधी मी प्रत्येकाला हवालदारबाईंचा प्रश्न विचारत आलो, "तुला काय होतंय?"