शमामा आणि सात मनगटं

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत असं एकही पुरुषी मनगट उरलेलं नाही, जे माझ्या मामेसासऱ्यांनी हुंगलेलं नाही. यात अतिशयोक्ती असलीच तर ती अंबरनाथच्या बाजूला असेल. बदलापूरबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकतो. माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी पगार विचारला, सासूबाईंनी पत्रिका बघत नाही म्हणून निदान रक्तगट विचारला आणि या मामांनी माझा उजवा हात ओढून त्यावर काळ्या तेलाचा एक थेंब टेकवला. मग घड्याळ काढून ते वीस मिनिटं माझ्यासमोर गप्प बसून राहिले. वीस मिनिटांनी मनगट हुंगून त्यांनी जाहीर केलं, "नव्या वहीचा वास. माणूस साधा आहे, पण आत अजून काही लिहिलेलं नाही. पास!" मी त्या वेळी बत्तीस वर्षांचा होतो.

हे तेल म्हणजे शमामा नावाचं अत्तर. मसाले, मुळ्या, झाडांच्या साली आणि या सगळ्यांच्या तळाशी कस्तुरीच्या जातीचा एक जड, काळोखा वास. बाटलीला नाक लावलं तर पहिल्यांदा ठसकाच लागतो. पण मामांच्या मते बाटलीतला वास हा वासच नव्हे, तो नुसता कच्चा माल. "अंगाच्या भट्टीत गेल्याशिवाय पीस तयार होत नाही, जावईबापू!" ही भाषा कारखान्याची. मामांनी अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. समोर येईल तो नग मोजायचा आणि पास, रिजेक्ट किंवा रीवर्क यांपैकी एक शिक्का मारायचा, एवढंच काम. निवृत्तीनंतर नग संपले आणि मामांनी माणसं घेतली. त्यांच्या इमारतीच्या वॉचमनच्या अंगावर शमामा भाजलेल्या लसणासारखा लागतो (पास), केस कापणाऱ्याच्या अंगावर ओल्या गोणपाटासारखा (रीवर्क, उन्हात बसावं), आणि सोसायटीच्या सेक्रेटरीच्या अंगावर तो चढतच नाही. "अत्तरालासुद्धा कळतं, कुठे थांबायचं नाही ते," असं मामा सेक्रेटरीच्या देखत म्हणाले होते. तेव्हापासून त्यांच्या नळाला पाणी जरा कमीच येतं.

बायकांच्या बाबतीत मात्र त्यांची शिस्त कडक. त्यांच्या हाताला ते स्वतः नाक लावत नाहीत. थेंब द्यायचा, हुंगायचं मामींनी आणि अहवाल मामांनी ऐकायचा. मामींना या कामाचा मनस्वी कंटाळा असल्यामुळे गेली कित्येक वर्षं त्यांचा अहवाल एकच आहे, "चांगलाय." बदलापूरच्या बाजारात बारवी धरणाकडून रानभाजी घेऊन येणाऱ्या एका आजीबाईंना मामांनी असाच थेंब दिला होता. आजीबाईंनी स्वतःच हात हुंगला, हसल्या आणि म्हणाल्या, "यो वास त आमच्या रानाचाच हाय. तुमी तो इकत आनला?" मामा चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आजीबाईंना सुपर पास देण्यात आला. अशी श्रेणी कारखान्यात नव्हती, ती खास त्यांच्यासाठी काढली.

हे अत्तर ते उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडून आणत. मामांना लांबून बघितलं की शेठ दुकानातल्या पोऱ्याला ओरडून सांगे, "शमामा निकाल!" आणि मामांची वर्षानुवर्षं समजूत अशी, की शेठ आपल्याला आदराने 'शाममामा' म्हणतो. त्यांचं नाव शाम नाही. तरी ते ओ देत राहिले. शेठही म्हणे, "साईं, आप माल कम सूँघते हो, गिराक ज़्यादा."

आतापर्यंत हा सगळा गमतीचा मामला होता. तो अंगाशी आला मामांच्या एकुलत्या एका मुलीच्या, प्रज्ञाच्या लग्नात. प्रज्ञाने सुमेध नावाचा मुलगा स्वतः निवडला होता. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी, सोनिवलीला नवा फ्लॅट, घरचे आपलेच, बौद्ध. नाव ठेवायला जागा नव्हती. तो कामावरून सुटून तडक बदलापूरच्या कात्रपला मामांच्या घरी आला, पोहे खाल्ले आणि मनगट पुढे केलं. वीस मिनिटं झाली. मामांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि म्हणाले, "फिनेल. रिजेक्ट."

आधी सगळे हसले. मग लक्षात आलं, की मामा हसत नाहीयेत. मामींनी डोक्याला हात लावला. "अहो, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, तुमच्या नाकाचा नाही!" पण मामा ढिम्म. तीस वर्षांत मारलेला एकही शिक्का त्यांनी पुसलेला नव्हता. प्रज्ञाही त्यांचीच मुलगी. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, लग्न करीन तर सुमेधशीच. पण तुम्ही नाही म्हणत असाल तर करणार नाही." असा तीन महिने पेच. घरात दोघंही एकमेकांना ताट वाढून देत आणि बोलत नसत. बाहेरच्यांची मनगटंसुद्धा त्या काळात हुंगल्यावाचून राहिली, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

शेवटी प्रज्ञानेच वाट काढली, आणि तीही कारखान्यातलीच. मामांच्या खात्यात एक रिवाज होता. रिजेक्ट झालेल्या नगाबद्दल तक्रार आली तर तो दुसऱ्या नगांत मिसळायचा, नंबर झाकायचा आणि त्याच तपासनिसाने पुन्हा तपासायचा. लहानपणापासून हा किस्सा तिने शंभरदा ऐकला होता. "पप्पा, माझी तक्रार आहे," ती म्हणाली, "नंबर झाकून तपासा. तुम्ही रिजेक्ट म्हणालात, तर मी परत त्याचं नाव काढणार नाही." मामांचा चेहरा पडला. नियम त्यांचाच होता. सुटका नव्हती.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सात पुरुष ओळीने बसले: वॉचमन, केस कापणारा, एक रिक्षावाला, खुद्द सेक्रेटरी, माझा मेव्हणा, मी आणि पाचव्या जागी सुमेध. पंच म्हणून उल्हासनगरचा शेठ आला होता. मामांच्या डोळ्यांवर प्रज्ञाची ओढणी बांधली. प्रत्येकाने तोंड बंद ठेवायचं होतं, त्यामुळे सेक्रेटरीचे फारच हाल झाले. वीस मिनिटांत भिंतीवरच्या घड्याळाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिने मामींचा पदर असा घट्ट धरला होता, की तो नंतर इस्त्री करूनही सरळ झाला नाही.

मामा निघाले. पहिलं मनगट: "लसूण. आमचा वॉचमन." दुसरं: "गोणपाट. उन्हात बसला नाहीस ना?" तिसरं: "पेट्रोल आणि वेलची, रिक्षा." चौथ्या मनगटापाशी थांबलेसुद्धा नाहीत, नुसतं "पाणी सोडा" म्हणाले. शेठने कपाळावरचा घाम पुसला. "ये आदमी है के मशीन!" मग पाचवं.

पाचवं मनगट मामांनी धरलं आणि धरूनच ठेवलं. एकदा हुंगलं. मग खाली मान घालून बराच वेळ. "आधी लवंग येतेय," ते हळू म्हणाले, "मग जुन्या लाकडाची पेटी उघडल्यासारखं. तीत कुणीतरी कपडे नीट घड्या घालून ठेवलेत. हा माणूस वस्तू जपतो." आणि मग मोठ्याने, पूर्वीच्या कारखान्यातल्या आवाजात, "पास! फर्स्ट क्लास पास! कोण आहे रे हा?"

पुढे काय आरडाओरडा झाला, तो मला नीट आठवत नाही. वॉचमनने शिट्टी वाजवली. शेठने मामांना मिठी मारली, सेक्रेटरीने भान विसरून सुमेधला मिठी मारली, आणि मामी "चांगलाय, चांगलाय!" म्हणत रडत होत्या. माझं मनगट कुणी हुंगलंच नाही, ते तसंच दरवळत राहिलं. पहिल्या वेळच्या फिनेलचा उलगडाही लगेच झाला: सुमेध तेव्हा प्रयोगशाळेतून तडक आला होता, हाताला तिथलंच काहीतरी लागलं असणार. म्हणजे मामांचं नाक दोन्ही वेळा बरोबर! ही बातमी संध्याकाळपर्यंत सोनिवलीला पोचली. महिन्याभरात बुद्धविहारात लग्न लागलं आणि मामांनी दारात उभं राहून प्रत्येक पाहुण्याच्या हाताला शमामा लावला.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. मामी झोपल्या होत्या, मामा गॅलरीत एकटेच बसले होते. मी सहज त्या रविवारचा विषय काढला, नाकाची तारीफ केली.

"फिनेलबिनेल काही नव्हतं हो जावईबापू," ते म्हणाले. "तो पहिल्यांदा घरी आला, त्या दिवशी मला कसलाच वास आला नाही. प्रज्ञा त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि आपलं घर विसरल्यासारखी हसली. ते बघितलं आणि माझं नाकच बंद झालं. काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं."

प्रज्ञाची सोनिवली तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. हे मी त्यांना सांगणार होतो, पण सांगितलं नाही.