सासऱ्यांच्या गाडीची नजर

माझ्या सासऱ्यांची गोल डोळ्यांची जुनी गाडी पुरुषोत्तमनगरला पत्र्याखाली पडून होती. सासरे गेले, तेव्हा मेहुण्याने आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, एकच सवलत दिली: नोंदणीच्या तपासणीत गाडी पास झाली तर तुझी, नाही तर भंगारात. ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर माझी बायको लहानाची मोठी झालेली. तिने पदर खोचला आणि मला कामाला लावलं.

इंजिन लवकर वळणावर आलं. दिव्यांनी मात्र छळलं. मागच्या दिव्याची लाल काच शहाद्याच्या एका भंगारवाल्याकडे सापडली. तो तिच्यात सुपारी ठेवत होता. पुढे झगझगीत निळे दिवे लावावेत, अशी माझी फार इच्छा. आमचे वायरिंगवाले चाचा कानावर हात ठेवून म्हणाले, "साब, ये शादी की घोडी नहीं है. पास करानी है ना?"

उरलं दिव्यांची नजर बसवणं. गाडी भिंतीसमोर उभी करायची, भिंतीवर खडूने रेघ मारायची आणि उजेड त्या रेघेच्या जरा खाली पडेपर्यंत दिव्याचे स्क्रू फिरवायचे. गल्लीत सरळ भिंत एकच, शेजारच्या काकूंची. दिवेलागणीला भिंत उजळली आणि अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन हजर! काकू आपल्या दोन बहिणींसह थेट मागच्या सीटवर. तिघीही भरभक्कम, देवाच्या दयेने.

"बहनजी, उतरो, गाडी खाली करो," चाचा विनवू लागले.

"भिंत मन्ही शे," काकूंनी मालकी सांगितली. "चहा आठेच आना."

चहा गाडीतच आला. चाचांनीही घेतला. तिघी गाडीत असतानाच दिव्यांची नजर बसली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आरटीओत तपासणी. चाचा भाचीच्या लग्नाला गेलेले. काकू आणि दोघी बहिणी मात्र रिक्षाने मागोमाग आल्या. शेडमधल्या अंधाऱ्या भिंतीसमोर मी ऐटीत दिवे लावले. भिंत काळीच राहिली. सगळा उजेड बंपरपुढे जमिनीवर.

तपासणीचे साहेब वाकून बघत म्हणाले, "गाडीचं काही हरवलंय का?"

मी दिवे विझवून पुन्हा लावले. बायकोने आधी जमिनीवरच्या उजेडाकडे पाहिलं, मग काकूंकडे. मग ती एकदम ओरडली, "काकू, मागे बसा! तिघी!"

तिघी बसल्या. गाडीचं बूड खाली गेलं, नाक वर आलं आणि उजेड भिंतीवर चढून नेमक्या जागी थांबला. मी टाळी वाजवली. एकट्यानेच.

"असं करा," साहेब म्हणाले, "ह्या तिघींचीही नोंदणी करून टाकू."

"करी टाक ना, भाऊ," काकू आतून म्हणाल्या, "पन मन्हं वजन लिखू नको!"

साहेबांना हसू आवरेना. पण हसणं वेगळं आणि पास करणं वेगळं. "गाडी रिकामी पाहिजे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दिव्यांची नजर बसवा, नाही तर नापास."

मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पहिल्याच झटक्यात डावा दिवा छताकडे वळवला. पालीची झोप उडाली. बायकोने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. आदल्या संध्याकाळी चाचांशेजारी बॅटरीचा उजेड धरून ती उभी होती. सगळ्यांना उतरवून, ओठ दाताखाली धरून ती पाव पाव फेरा फिरवत राहिली. मी भिंतीपाशी जाऊन "वर, खाली" ओरडत होतो. माझं कोणी ऐकत नव्हतं. अखेर दोन्ही उजेड शेजारी शेजारी, शहाण्या मुलांसारखे बसले.

"पास," साहेब म्हणाले.

बायकोने तिथूनच भावाला फोन लावला. "दुसरी किल्ली काढून ठेव. घ्यायला येतेय." फोन माझ्या हातात देऊन ती सरळ स्टिअरिंगवर जाऊन बसली.

तिच्या शेजारी काकू, मागे दोघी बहिणी आणि त्यांच्या पिशव्या. मला जागाच नव्हती. मी रिक्षा केली. वाळत घातलेल्या मिरचीच्या लाल पथाऱ्यांजवळून गाडी हॉर्न वाजवत निघाली आणि रिक्षावाल्याने मालकाची चौकशी केली, "पुढली गाडी कोनी शे, भाऊ?"

"मन्ही बायकोनी," मी म्हणालो. "जरा मागे मागे राहू दे."