तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे

आमच्या व्याह्यांइतका हताश माणूस आजवर कुठल्याही विरंगुळा केंद्राचा अध्यक्ष झाला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. विरंगुळा हा शब्दच ते अशा सुरात उच्चारतात की ऐकणाऱ्याने हातातला चहा खाली ठेवावा. "काय, बरंय ना?" असं त्यांना विचारायची सोय नाही. "बरं म्हंजी काय, चाललंय संपत संपत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कॅरममध्ये राणी पडली की बाकीचे टाळ्या देतात, हे "गेली" म्हणून सुस्कारा सोडतात. मग ती त्यांनी स्वतःच का घेतलेली असेना. केंद्रात कुणाचा वाढदिवस असला की अध्यक्ष या नात्याने दोन शब्द बोलायचं काम त्यांच्याकडे येतं आणि ते खरोखर दोनच वाक्यं बोलतात: "आनखी एक वरीस कमी झालं. पेढं घ्या." एकदा रक्तदाब तपासायला आलेल्या मुलीने त्यांना सांगितलं की आजोबा, तुमचा दाब अगदी तरुण माणसासारखा आहे. त्या बातमीने ते दोन दिवस खचले होते. "म्हंजी लई दिवस बघायचं हाय अजून," म्हणाले.

मी या माणसाच्या तावडीत सापडलो तो माझ्याच दूरदृष्टीमुळे. पोस्टातून निवृत्त झालो, पत्नी आधीच गेलेली, म्हणून पुण्यातली जागा विकून मुलीच्या सासराजवळ, जांबे गावात, फ्लॅट घेतला. लेक हाकेच्या अंतरावर राहील, असा हिशेब. पुढच्याच वर्षी लेक आणि जावई जर्मनीला गेले. लग्न झालं त्या दोघांचं आणि संसाराला लागलो आम्ही दोघे. व्याही म्हणणं त्यांच्या जिभेला जमत नाही, ते मला 'इवाई' म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला गच्चीवर नेलं. खाली पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं, तिथे आता त्यांचीच तीन मजली इमारत आहे आणि तिच्या खोल्या कंपन्यांत काम करणाऱ्या पोरांना भाड्याने दिलेल्या आहेत. "वरच्या खोलीत कोन ऱ्हातं ते मला ठावं न्हाई," ते म्हणाले, "आन् खाली मी मेलो तर ते त्याला ठावं व्हनार न्हाई. घ्या, च्या घ्या."

हे सगळं मी हसण्यावारी न्यायचो. पण त्या नैराश्याच्या तळाशी एक अगदी नेमकी भीती होती, आणि केंद्र त्या भीतीतूनच निघालं होतं. समाजमंदिरामागच्या खोलीसाठी त्यांनी पंचायतीचे उंबरे झिजवले ते कॅरमसाठी नव्हे. मयताला माणसं येईनाशी झाली होती. जमिनी विकून कोण कुठे गेले, नवीन आलेल्यांना जुने ठाऊक नाहीत, आणि एका म्हाताऱ्याची तिरडी तर त्यांनी टेंपोतून गेलेली पाहिली होती. "खांदा द्यायला वळख लागती, इवाई. वळख नसली तर मानूस खिडकीतनं बघतो आन् पडदा वढतो. म्हून ही खोली. कॅरम खेळंल, भांडंल, पन उद्या यील तरी." म्हणजे बाकीचे तिथे वेळ घालवायला जमत आणि हे मनातल्या मनात आपल्याला खांदा देणारे चौघे निवडत. मला त्यांनी डावीकडचा पुढचा खांदा कधीच देऊन टाकला होता. माझा गुडघा दुखतो म्हटलं तर म्हणाले, "तवर बरा हुईल."

व्याह्यांची खरी दौलत म्हणजे त्यांचा आवाज. तरुणपणापासून गावातलं प्रत्येक मरण देवळावरच्या भोंग्यातून त्यांनीच सांगितलेलं. खर्जातला, सावकाश, प्रत्येक शब्दाला टेकू देत चालणारा आवाज. "सर्व ग्रामस्थांना कळवन्यात येतं की" एवढं ऐकलं की शेतातला नांगर थांबे, बायका चुलीतली लाकडं मागे ओढत आणि माणसं टोपी घालून खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर पडत. पुढचं नाव रस्त्यात विचारून घ्यायचं. केंद्र सुरू झालं तेव्हा पहिल्याच योगवर्गाची सूचना साहजिकच त्यांच्याकडे आली आणि त्यांना दुसरा सूर माहीतच नव्हता. त्यांनी त्याच खर्जात सांगितलं की उद्या सकाळी समाजमंदिरात योगासनं होतील, तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.

सगळं गाव उपस्थित राहिलं. पांढऱ्या टोप्या, खांद्यावर टॉवेल, खाली घातलेल्या माना. दोघांनी येता येता बांबूही तोडून आणले होते. जो तो शेजाऱ्याला हळूच विचारत होता, "कुनाचं हाय?" पुण्याहून आलेली योगशिक्षिका मात्र भारावून गेली. इतकी शिस्त आणि इतकं गांभीर्य आपण कुठल्याच वर्गात पाहिलं नाही, असं म्हणाली, आणि तासभराने तिने सगळ्यांना शवासनात पडायला सांगितलं. बांबू आणलेले दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

दुसरा कुणी असता तर या प्रकारानंतर शरमला असता. व्याह्यांना उलट उपाय सापडला. गाव येतं, फक्त हाक मारावी लागते. मग त्या आवाजाला विश्रांती राहिली नाही. डोळे तपासणी, हास्यक्लब, भजन, कॅरमच्या स्पर्धा, सगळं भोंग्यावरून, सगळं त्याच सुरात. कोळवणच्या सहलीची सूचना तर इतकी हृदयद्रावक झाली की माझ्या सोसायटीतल्या एका बाईंनी खिडकीत येऊन हात जोडले. सहलही तशीच झाली. जीप वाटेतल्या शेतांत उठलेल्या प्रत्येक बंगल्याच्या कुलूपबंद फाटकापाशी थांबवून हे खाली उतरत आणि इथे कुणाचा आंबेमोहोर पिकायचा आणि तो माणूस कशाने गेला, ते सांगत. डबे उघडायला दुपार टळली.

विहीणबाई शहाण्या. एकदा मला वाढता वाढता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्या आवाजाला रोज रोज राबवू नका. येळंला यायचा न्हाई." व्याही म्हणाले, "तू भाकरी दे."

गाव हळूहळू सरावलं. भोंगा वाजला की "असंल कायतरी केंद्राचं" म्हणून माणसं कामाला लागत. शब्द कोण ऐकतो? सुरावरूनच काय ते ओळखायचं, आणि त्या सुराचा अर्थ आता कॅरम असा झाला होता. त्याऐवजी दुसरीच मंडळी येऊ लागली. इमारतींमधून मुला-नातवंडांपाशी येऊन राहिलेले परमुलखातले आईबाप. बिहारचे एक पंडितजी, एक तेलुगू आजोबा, तीनचार बंगाली, मल्याळी आज्या. यांना मराठी ओ की ठो कळत नसे, पण हा आवाज आला की चटई घेऊन निघायचं, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. व्याही त्यांचा उल्लेख 'परदेशी मंडळी' असा करत आणि खांद्यांच्या हिशेबात त्यांना धरत नसत.

धरत होते ते तात्यांना. तात्या म्हणजे गावचे धनगर, व्याह्यांच्या वयाचे. चराईची रानं कंपन्यांखाली गेली तसा कळप विकून बसलेले. एक शेळी तेवढी ठेवलेली, ती केंद्राच्या दाराशी बांधलेली असे आणि फुकट येणारं वर्तमानपत्र आमच्याआधी फस्त करी. "खाऊंद्या," व्याही म्हणत, "त्यात तरी काय चांगलं असतंया." तात्या कॅरम वाईट खेळत आणि व्याह्यांना हरवत. उजवीकडचा पुढचा खांदा तात्यांचा होता.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तात्याच गेले. झोपेतच. मुलगा उरवड्याला कारखान्यात, तो निरोप मिळताच निघाला. लेक कोळवणला दिलेली, ती आणि जावई एसटीने यायचे. भावकी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेली, तिला कळवणार कसं? व्याही देवळात गेले. भोंग्यातून आवाज आला आणि मला पहिल्यांदाच त्यात काहीतरी तुटल्यासारखं वाटलं, पण ते मी शेजारी उभा होतो म्हणून. नाव त्यांनी दोनदा घेतलं. अंत्यविधी अकरा वाजता, तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.

समाजमंदिरापुढे तिरडी बांधून झाली, अकरा वाजले, कुणी आलं नाही. तात्यांचा मुलगा होता, जावई होता, मी होतो. समोरच्या रस्त्यावरून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल गेली, तिच्यावरच्या ओळखीच्या माणसाने हात केला आणि तो पुढे निघून गेला. व्याही समाजमंदिराच्या पायरीवर उभे राहून रस्त्याकडे बघत होते. परत भोंग्यावर जाऊन सांगा, मी म्हणालो. ते म्हणाले, "परत सांगितलं तर उद्याच्याला बी योगा हाय आसं वाटंल."

आणि मग कोपऱ्यावरून ते आले. पांढरे खेळाचे बूट, ट्रॅकपँट, काखेत चटया. पुढे पंडितजी, मागे तेलुगू आजोबा, त्यांच्यामागे आज्या. आवाज आला होता, म्हणून आले होते. तिरडी दिसली तसे सगळे जागच्या जागी थांबले. पंडितजींनी चटई भिंतीला टेकवली, बूट काढले, मोजे काढून बुटांत नीट खोचले आणि व्याह्यांना विचारलं, "कहाँ तक जाना है?"

उजवीकडचा मागचा खांदा पंडितजींनी दिला, आणखी दोन जावयाने आणि तेलुगू आजोबांनी. डावीकडे पुढे मी होतो, गुडघ्याचं त्या दिवशी काही आठवलं नाही. वाटेने पंडितजी 'राम नाम सत्य है' म्हणत होते, तेलुगू आजोबा 'गोविंदा गोविंदा', आणि पुढे मडकं धरलेल्या मुलाच्या जोडीने चालणारे व्याही 'रामकृष्ण हरी' म्हणत रडत होते. समाजमंदिराच्या भिंतीशी चटयांचा ढीग पडला होता आणि त्यातली एक चटई तात्यांची शेळी चघळत होती.

संध्याकाळी गावातले जुने लोक एकेक करून आले. सगळ्यांचं एकच म्हणणं, "आमाला वाटलं कॅरम हाय." कुणी खोटं बोलत नव्हतं. ते गेल्यावर व्याही मला म्हणाले, "गावाचा आवाज व्हता तो, इवाई. मीच खर्चून टाकला." मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर माझीही आली. आमच्या दोघांच्या मिळून जी काय दोन मुलं, ती जर्मनीत.

तेव्हापासून भोंग्यावरून केंद्राची सूचना होत नाही. खोली उघडी असते. गावातले कुणी फिरकत नाहीत, परदेशी मंडळी येतात, आणि तात्यांची शेळी आता व्याह्यांनी सांभाळायला घेतली आहे. परवा मला त्यांनी कोपऱ्यात बोलावलं आणि मोबाईल काढायला लावला. आवाज धरून ठेवायचं बटण दाबा म्हणाले. मग घसा साफ करून, त्याच जुन्या खर्जात, त्यांनी सर्व ग्रामस्थांना स्वतःचं दुःखद निधन कळवलं. "अंत्यविधी" इथवर आले आणि थांबले. "हितं येळ तेवडी तुमी घाला."

मी म्हटलं, अहो, तुमच्या आवाजाला आता गाव येत नाही, मी सांगेन की माझ्या आवाजात. त्यांनी मान हलवली.

"ह्योच लावा. ज्यास्नी भाषा येत न्हाई, ती तरी येतील."

रविवारी लेकीचा फोन आला. नातू दाखवून झाला, थंडी सांगून झाली, मग नेहमीसारखं तिने सासऱ्यांचं विचारलं, अण्णा कसे आहेत? बरे आहेत, मी म्हणालो. आवाज अजून चांगला आहे.