टेलिफोनच्या परीक्षेतली माझी रांगोळी

माझ्या नवऱ्याला टेलिफोनच्या परीक्षेत मी नापास केले. मी चौथी शिकलेली, परीक्षेच्या खोलीत पायही ठेवला नव्हता, तरी जमले. कोणाजवळ बोलायची लाज वाटते, म्हणून वहीत लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही सौसरला राहत होतो. हे टेलिफोन ऑफिसात लाइनमन. भिंतीपलीकडे कुसुमबाई राहायची. तिचा नवरा देवराव, तोही लाइनमन. दोघांचा दिवस खांबावर जायचा. परीक्षा पास झाली की खांब सुटून ऑफिसातली खुर्ची मिळणार होती. खांबावर चढताना यांचे गुडघे कटकट वाजत (खाली उभ्या माणसाला ऐकू येई), म्हणून खुर्ची यांना हवीच होती. मला काळजी वेगळी होती. एकटा देवराव पास झाला तर तो यांचा साहेब होणार, आणि कुसुम माझी साहेबीण. ती मॅट्रिक शिकलेली. तशीही नळावर ती माझी बादली पायानेच सरकवायची.

खर्च नको म्हणून यांनी बोरगावच्या एका रिटायर लाइनमनची जुनी किताब फुकट आणली. अर्धी पाठ झाली आणि ऑफिसात कागद लागला, अभ्यासक्रम बदलला. टेलिफोनच्या तारेने एक कॉम्प्युटर दुसऱ्याला कसा जोडायचा, तेही आता विचारणार होते. कॉम्प्युटर आमच्या गावात कोणी पाहिला नव्हता. ऑफिसातल्या साहेबांनीही नाही.

नवी किताब नागपूरला मिळायची. तिच्या किमतीत आमच्या घरचा महिन्याचा किराणा येत होता. देवरावने ती आणली. कुसुमने तिला कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर घातले आणि नळावरसुद्धा काखेत धरून आली. कपडे धुवायला किताब कशाला, असे मी तिला विचारले. (मनातल्या मनात.)

रोज सकाळी ती धडा मोठ्याने वाचायची आणि देवरावला प्रश्न विचारायची. एके दिवशी पाहते तर हे तोंडात ब्रश धरून भिंतीला कान लावून बसलेले.

“अहो, काय करून राहिले?”

“अभ्यास. चूप राह्य, कुसुमबाई तिसरा धडा सांगून राहिल्या.”

“भिंतीतून?”

“फुकट हाय नं. आन् आवाज किती साफ हाय बाईचा.”

आठ दिवसांत यांचा पाट भिंतीजवळ गेला. जेवतानाही तोंड भिंतीकडे. लग्नाला अकरा वर्षे झाली होती, माझ्या आवाजाबद्दल एक शब्द नाही. ती एकदा खोकली तर हे म्हणाले, “बाईले सर्दी झाली वाटते.” मला महिनाभर खोकला होता.

ही भिंतीची शाळा बंद करायची, असे मी ठरवले. पोळ्याला कुसुम आणि देवराव चार दिवस तिच्या माहेरी, पांढुर्ण्याला निघाले. मी वाटीत चटणी घेऊन तीनदा तिच्या दारापर्यंत गेले आणि न बोलता परत आले. चौथ्यांदा तीच म्हणाली, “ताई, वाटी घेऊन काऊन फिरून राहिल्या?”

“किताब,” मी म्हणाले. एवढेच तोंडातून निघाले.

“तुमाले कायले पाहिजे किताब?”

“चित्रं काढाले.”

ती हसली. “न्या. पन हळदीचे हात लावू नका.”

मजकूर इंग्रजीत होता, तो हे उतरवत. चित्रे माझ्याकडे. चित्रे म्हणजे काय, चौकोन, टिंबे आणि रेघा. रांगोळीत गल्लीत माझा हात धरणारे कोणी नव्हते. शाळेच्या वहीत लाल-निळ्या पेन्सिलीने मोठी ठसठशीत काढली. एकच गोष्ट खटकली. छापणाऱ्याने जागोजागी रेघ अर्धवट सोडली होती. टिंबाजवळ येऊन मध्येच फट. तुळशीपुढे अशी रांगोळी काढली असती तर सासूबाईंनी पायाने पुसली असती. मी सगळ्या फटी जोडून टाकल्या.

कुसुम परत आली, तिने वही चाळली आणि पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

“आमच्या किताबीत तर छापतानाच शाई पसरली, ताई. दोन दिवस द्या नं, यायले दाखवते.”

हळदीचे हात लावू नका, असे म्हणायचे ओठांवर आले होते. म्हटले नाही, पण वही जरा उशिरा सोडली. ते दोन दिवस भिंतीला कान लावून मी बसले होते. “पाहा नं, कशी साफ काढली!” कुसुम नवऱ्याला सांगत होती. आवाज खरेच साफ होता.

परीक्षा छिंदवाड्याला झाली. टेबलावर कॉम्प्युटर नव्हताच. चार दिवे ठेवले होते, त्यांनाच कॉम्प्युटर समजायचे. शेजारी एक घंटी. सांगितलेला एकच दिवा लागला पाहिजे, अशा तारा जोडायच्या. यांनी वहीतल्या चित्रासारख्या जोडल्या. चारही दिवे लागले, घंटी वाजू लागली आणि थांबेना. शिपायाला वाटले वेळ संपली, तो दुसऱ्या खोलीतले पेपर गोळा करू लागला.

“स्विच किधर है?” साहेब म्हणाले.

“साहब, चित्र में नहीं था.”

साहेबांनी तारा उपटल्या आणि पुढचा माणूस बोलावला. देवराव. चार दिवे. घंटी.

“तुम दोनों एक घर के हो क्या?”

“नहीं साहब,” देवराव म्हणाला. “दीवार एक है.”

घरी येऊन यांनी देवरावची किताब मागून आणली आणि वहीच्या शेजारी ठेवली. “हे काय होय?”

“रेघ तुटली होती. जोडली.”

“अवं, ते स्विच होय. उघडबंद कराची जागा. तू सारेच बुजवले.” रागावले नाहीत. भिंतीकडे पाहून उसासा टाकला, ते जास्त लागले.

संध्याकाळी कुसुम आली. आता ही भांडणार म्हणून मी चुलीकडे तोंड करून बसले. ती उंबऱ्यावर टेकली.

“मी मॅट्रिक शिकली, ताई. खरी किताब माह्या घरात होती. पन तुमची वही पाहून असं पोटात दुखलं, का यायले वहीवरूनच शिकवलं, किताब उघडलीच नाई.”

पोटात फक्त माझ्याच दुखते, अशी माझी समजूत होती.

पुढच्या खेपेला तिने स्वतःच भिंतीजवळ बसून, जरा जास्तच मोठ्याने वाचले. दोघेही पास झाले. यांनी पेढे आणले आणि पुडा आधी भिंतीपलीकडे नेला. “मास्तरीण होय ते माही,” म्हणे.

दिवाळीत मी दारात त्या परीक्षेतल्या चित्राची मोठी रांगोळी घातली आणि मुद्दाम एक फट सोडली, म्हणजे आता मलाही कळते हे कुसुमला दिसावे. ती फराळाचे ताट घेऊन आली, थांबली, ताट खाली ठेवले आणि चिमूटभर रांगोळी घेऊन ती फट जोडून टाकली.

“एक रेघ सुटली होती, ताई.”

तिची रेघ माझ्या रेघेपेक्षा सरळ आली होती, आणि ते अजून माझ्या पोटात दुखते.